धोटा, चिमणी आणि मॉल : गिरणगावात येणाऱ्या पाहुण्यांचं प्रकरण

लोअर परळच्या फिनिक्स मॉलच्या आवारात गिरणीची जुनी चिमणी अजून उभी आहे. शनिवार-रविवारी संध्याकाळी तिच्या पायथ्याशी घटकाभर थांबलं, की तिच्यासोबत फोटो काढणारे कितीतरी जण दिसतात. त्यातल्या काहींना मी सहज विचारतो, "ही कशाची हो?" कोणी म्हणतं शोभेची आहे, कोणी म्हणतं पूर्वी इथे फॅक्टरी होती. एकदा आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने बाबांना विचारलं, "मग धूर कधी सोडतात?" बाबांनी वर बघितलं, काही सुचलं नाही, आणि तिचा हात धरून ते आइस्क्रीमच्या रांगेकडे गेले.

त्या बाबांना कधी कोणी सांगितलंच नसेल. माझे वडील साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खात्यात (गिरणीत मागाला साचा म्हणतात), म्हणून मला माहीत. चिमणी बॉयलरची. बॉयलरच्या वाफेवर इंजिन, इंजिनावर पट्टे, पट्ट्यांवर साचे. घरात चिमणी म्हटलं की आम्हा पोरांना पक्षी आठवायच्या आधी गिरणी आठवायची.

गेली काही वर्षं मी आणि माझे दोन मित्र महिन्यातल्या एका रविवारी दहा-पंधरा जणांना घेऊन गिरणगावात पायी फिरतो. सोबत एक निवृत्त साचेवाले असतात, सगळे त्यांना काका म्हणतात. हे टिपण त्या फिरण्यातून तयार झालं आहे. प्रश्न सरळ आहे: भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंतच्या या पट्ट्यात वर्षभर लाखो लोक खरेदीला, जेवायला, दर्शनाला येतात. ज्या गिरण्यांनी ही मुंबई उभी केली, त्यातलं त्यांना काय दिसतं? आणि जे दिसत नाही, ते का दिसत नाही?

मागची हकीकत

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ मध्ये तिचं काम सुरू झालं. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, शहरात पैसा खेळला आणि गिरण्या वाढत गेल्या. कोकणातून, साताऱ्यातून, कोल्हापुरातून, घाटावरून माणसं आली. एका खोलीत दोन-दोन पाळ्यांची माणसं आळीपाळीने झोपायची. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. मॉलच्या रविवारच्या गर्दीत मला हे दर वेळी आठवतं, आणि आमच्या फेरीची सुरुवात मी याच तारखेने करतो. लोक चमकून बघतात. रविवार कोणी मिळवून दिला असेल, असा विचारच डोक्यात आलेला नसतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९८३ मध्ये सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या, बऱ्याच जणांना कामावर परत घेतलंच नाही. या संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला इथे त्याच्या नंतरची वीस वर्षं महत्त्वाची वाटतात, कारण पाहुण्याला आज काय दिसावं ते त्या वीस वर्षांत ठरलं.

नियम ५८

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम गिरण्यांच्या जमिनीबद्दल होता. सुमारे ६०० एकर जमीन, शहराच्या मधोमध. गिरणीची जागा विकसित करायची तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे: एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. या तीन वाट्यांच्या आशेवर गिरणगाव दहा वर्षं जगलं.

२००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जागेची होईल, बांधकामाखालची जागा त्यात धरायची नाही. गिरणी पाहिलेल्या कोणालाही याचा अर्थ लगेच कळतो. गिरणीत मोकळं असं असतं किती? एक तळं, थोडा रस्ता, कोळशाची जागा, फाटकाजवळचं आवार. बाकी सगळं छपराखाली. म्हणजे तीन वाट्यांचा हिशेब कागदावर राहिला आणि वाटायला आलं ते एक लहानसं फडकं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे २००५ मध्ये निकाल दुरुस्तीच्या विरोधात लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. त्याच सुमाराला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव चालू होते. ज्युपिटर मिल २७६ कोटींना गेली, मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना.

त्याआधी, १९९६ मध्ये, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं होतं की या गिरण्यांकडे सुट्या सुट्या प्लॉटसारखं बघू नका, एकत्र आराखडा करा, स्टेशनांपाशी लोकांना वावरायला जागा सोडा. ते झालं नाही. प्रत्येक गिरणीने आपापल्या भिंतीच्या आत आपापलं काय ते केलं.

मैदानं गेली याबद्दल लोक बोलतात, आणि बोललंच पाहिजे. पण आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. या सगळ्या नियमात जमीन होती, घरं होती, चटईक्षेत्र होतं, यंत्रांबद्दल अवाक्षर नव्हतं. वारसा यादीत इमारत येऊ शकते, तिचं छप्पर, तिची चिमणी येऊ शकते. तिच्या आतला साचा येत नाही. मग साचे गेले. काही भिवंडीला यंत्रमागवाल्यांकडे, बाकीचे भंगारात. काका सांगतात, त्यांच्या खात्यातले साचे ट्रकवर चढवताना बघायला ते फाटकाबाहेर उभे होते. "माझा नंबर मी ओळखला," एवढंच म्हणतात ते. आम्ही पुढे विचारत नाही.

आज पाहुणे कशाला येतात

सगळ्यात मोठी गर्दी येते ती गणपतीला. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेशगल्लीचा मुंबईचा राजा १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. लालबागच्या राजाची गोष्ट पाहुण्यांना आवडते. पेरू चाळीच्या भागातला बाजार १९३२ मध्ये बंद झाला, तिथल्या कोळणींनी आणि व्यापाऱ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला, जागा मिळाली आणि गणपती बसला. पुढे गिरणी कामगारांच्या वर्गणीवर, त्यांच्या भजनी मंडळांवर आणि व्यायामशाळांच्या पोरांवर ही मंडळं मोठी झाली. तास न् तास रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या-उजव्या हाताला गिरण्यांच्या जागा असतात. त्याला ते ठाऊक नसतं आणि त्याने ते विचारावं असं तिथे काही दिसतही नाही.

दुसरी गर्दी खाण्या-पिण्याची आणि खरेदीची. फिनिक्स, कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल, रघुवंशी मिल. नावं गिरण्यांची, आत उपाहारगृहं, दुकानं, कचेऱ्या. जुन्या शेडमध्ये नवा धंदा यावा याला माझा विरोध नाही. रिकाम्या शेडपेक्षा ते कधीही बरं. पण ही जागा कशासाठी बांधली होती हे लक्षात न घेता तिच्यात माणसं भरली, की काय होतं ते आपण एकाच वर्षात दोनदा पाहिलं.

गिरणी कामगार चालत कामावर जायचा. चाळ ते गिरणी, दहा-पंधरा मिनिटं. भोंगा झाला की रस्ते माणसांनी भरायचे आणि अर्ध्या तासात रिकामे व्हायचे. त्यामुळे परळ-एल्फिन्स्टन रोड या स्टेशनांवर, एवढा मोठा उद्योग शेजारी असूनही, त्या उद्योगाचा सगळा भार कधी पडलाच नाही. गिरण्या जाऊन कचेऱ्या आल्या आणि तिथे काम करणारी माणसं विरार, डोंबिवली, नवी मुंबईहून गाडीने येऊ लागली. पूल तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, लोक पुलावर थांबले, चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने बांधलेला नवा पूल खुला झाला. एल्फिन्स्टन रोड स्टेशनाचं नाव आता प्रभादेवी आहे.

चेंगराचेंगरीनंतर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. १४ माणसं मेली. बहुतेक तरुण. गिरणीच्या आवाराला उंच भिंत आणि मोजकी फाटकं असत, आत-बाहेर करणाऱ्यावर नजर राहावी म्हणून. तसल्या आवारात रात्री शेकडो पाहुणे बोलवायचे तर बाहेर पडायच्या वाटा, पाण्याची सोय, गच्चीवरचं छत, सगळं नव्याने तपासायला हवं. पर्यटनाबद्दल बोलताना लोक आधी रोषणाईचा विषय काढतात. माझ्या मते पहिला विषय पूल आणि जिने.

तिसरी गर्दी लहान आणि मला सगळ्यात जवळची. एप्रिल-मे मध्ये लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत बायका मिरच्या निवडून घेतात, गरम मसाला मोजून घेतात, समोरच भाजून कांडपावर घालून न्यायचा. रस्त्याच्या कोपऱ्यापासून नाकात झणझणतं. बाजूला चिवडा गल्ली. ही दुकानं या वस्तीसाठी सुरू झाली आणि आता ठाण्या-पनवेलहून माणसं येतात. आमच्या फेरीत इथे सगळे खुलतात, पिशव्या भरतात, प्रश्न विचारतात. कारण इथे काम चालू आहे. डोळ्यांसमोर, आवाजासकट, वासासकट. आमची फेरी बदलली ती इथूनच.

आमची चूक

पहिलं वर्षभर आम्ही फार वाईट फिरवायचो. हातात नकाशा, आणि टॉवरसमोर थांबून सांगायचं: इथे अमुक गिरणी होती, तिथे तमुक गिरणी होती. तिसऱ्या "होती"ला लोक फोन बघू लागायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. काचेच्या इमारतीकडे बोट दाखवून तिथे गिरणी आहे अशी कल्पना करा म्हणणं म्हणजे जेवायला बोलवून पाककृती वाचून दाखवण्यासारखं.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागली. आम्ही लोकांना चाळीत नेलं. सुरुवातीला कोणी काही बोललं नाही. मग एका दुपारी गॅलरीत भांडी घासत बसलेल्या एका मावशींनी हात थांबवला आणि विचारलं, "आमच्या दारात कॅमेरा कशाला? आम्ही काय राणीच्या बागेत आहोत?" पंधरा माणसं मान खाली घालून उभी राहिली. त्या दिवसापासून बोलावल्याशिवाय आम्ही कुठल्या गॅलरीत चढलो नाही. जी चाळ बोलावते तिथे दोघा-तिघांनाच नेतो, फोटो नाही, आणि चहाचे पैसे देऊन येतो. १६० चौरस फुटांची बीडीडी चाळीतली खोली हे कोणाचं तरी राहतं घर आहे, हे आधी कळायला हवं होतं. मी स्वतः तसल्याच खोलीत वाढलो आहे, त्यामुळे माझी चूक जास्त मोठी.

धोटा

मग एका रविवारी काकांनी पिशवीतून धोटा काढला, साच्यात आडवं सूत इकडून तिकडे नेणारा. लाकडी, हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधल्या पोकळीत सूत गुंडाळलेली कांडी बसवायची जागा. वापरून वापरून लाकूड तुपासारखं गुळगुळीत झालेलं. त्यांनी तो एका कॉलेजातल्या मुलाच्या हातात दिला आणि सांगितलं, "जड आहे ना? साच्यातून हा निसटला तर समोरच्याचा डोळा जायचा."

मग त्यांनी धोट्याच्या कडेचं बारीक भोक दाखवलं. कांडी संपली की नवी कांडी बसवायची आणि तिचं सूत या भोकातून बाहेर काढायचं. जुन्या धोट्यांत ते तोंडाने काढायचे. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा, सूत जिभेवर येतं. सुतासोबत रुईची पूड छातीत. दिवसातून शेकडो वेळा. तोच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या ओठाला.

आणि इथेच जात आली. ज्या धोट्याला एकाचं तोंड लागलं तो अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या तोंडाला कसा लागू द्यायचा, म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात येऊच दिलं नाही. साचेखात्यात पगार बरा होता. त्यांच्या वाट्याला कमी पगाराचं सूत काढायचं खातं. १९२८ मध्ये गिरण्यांचा संप सहा महिने चालला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी असा आग्रह धरला. बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीत राहिलेले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची सुरुवात झाली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये, गिरणी कामगारांच्याच वस्तीत.

काकांनी हे सांगितलं तेव्हा तो मुलगा धोटा हातात धरून त्या भोकाकडे बघत होता. कोणी फोन काढला नाही. मला तेव्हा कळलं की वर्षभर आम्ही उलट्या टोकाने सुरुवात करत होतो. एका हातभर वस्तूत यंत्र होतं, छातीचा रोग होता, पगार होता, जात होती, संप होता. आणि हे सगळं सांगू शकणारा माणूस शेजारी उभा होता.

आज दादरला इंदू मिलच्या जागेवर, म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६ च्या जागेवर, बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतं आहे. १०० फुटांच्या चौथऱ्यावर ३५० फुटांचा पुतळा. ६ डिसेंबरला शेजारच्या चैत्यभूमीवर लाखो माणसं येतातच. गिरणीच्या जमिनीवरचं हे सगळ्यात मोठं प्रेक्षणीय स्थळ होईल. माझी मनापासूनची इच्छा आहे की त्या भव्य पुतळ्याच्या खाली कुठेतरी, काचेच्या पेटीत, एक धोटा असावा. गिरणी, जात आणि बाबासाहेब यांना जोडणारी त्याहून नेमकी वस्तू मला माहीत नाही.

भिवंडीची फेरी

धोटा हातात आल्यावर लोक विचारू लागले, हा चालतो कसा? मुंबईत दाखवायची सोय नव्हती. म्हणून एकदा सगळ्यांना घेऊन भिवंडीला गेलो. ओळखीच्या एका कारखानदाराने यंत्रमागांची शेड बघू दिली. दार उघडलं आणि बोलणं संपलं. वीस-पंचवीस साचे एकदम. धोट्याला दांड्याचा फटका बसतो, तो सपकन दुसऱ्या टोकाला जातो, तिथून परत फटका. खटक-खटक-खटक, पायाखालची फरशी हादरते. माझ्या शेजारच्या बाई काहीतरी म्हणाल्या, मला फक्त ओठ दिसले. काका हसले. त्यांनी ओठ वाचले होते. त्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला ते येतंच.

मध्येच काका वळले आणि दोन ओळी सोडून एका साच्यापाशी गेले. आम्हाला सगळे आवाज सारखेच. त्यांना एक वेगळा ऐकू आला होता. ताण्यातलं, म्हणजे उभ्या सुतांतलं, एक सूत तुटलं होतं. तिथला कामगार, पंचविशीतला उत्तर प्रदेशातला मुलगा, धावत आला, पण तोवर काकांनी साचा थांबवून गाठ मारली होती. कशी मारली ते आम्हाला दिसलंच नाही. तर्जनी, अंगठा, झालं. त्या मुलाने काकांकडे बघितलं आणि परत एकदा करून दाखवा अशी खूण केली. काकांनी तीनदा करून दाखवली. परतीच्या बसमध्ये काका नेहमीपेक्षा कमी बोलले. मीही.

काळाचौकी

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ ची जागा आहे. मूळच्या या गिरण्या ससून घराण्याच्या. इथे मुंबई महापालिकेने वस्त्रसंग्रहालय हाती घेतलं आहे, आणि या सगळ्या प्रकरणातली ती सगळ्यात आशेची गोष्ट आहे. सुरुवात तळ्यापासून आणि त्याभोवतीच्या परिसरापासून केली. गिरणीचं तळं शोभेचं नसे. इंजिनाची वाफ थंड करायला पाणी लागायचं म्हणून ते खोदलेलं असे. तिथे आलेल्या माणसाला हे एक वाक्य वाचायला मिळालं, तरी तळ्याकडे बघण्याची नजर बदलेल.

मला काळजी वाटते ती पुढच्या टप्प्यांची. बाहेरच्या देशांत हे कसं झालं ते पाहिलं, तर दोन गोष्टी ठळक दिसतात. जर्मनीत एसेन शहरातली झोलफराइन कोळसा खाण डिसेंबर १९८६ मध्ये बंद झाली. तिचं पुढे काय करायचं हे ठरायच्या आधीच राज्य सरकारने ती विकत घेतली आणि वारसा म्हणून तिला संरक्षण दिलं. यंत्रं जागच्या जागी राहिली. २००१ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली आणि जुन्या खाणकामगारांनी लोकांना ती फिरून दाखवली. म्हणजे आधी राखलं, मग विचार केला. आपण आधी विकलं. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या लोवेलचं, हेही कापडगिरण्यांचंच शहर. तिथल्या बूट (Boott) नावाच्या गिरणीत सूत-कापडाचे जुने साचे पाहुण्यांसमोर खरोखर चालवतात. शेडमध्ये शिरताना कानात घालायला बोळे देतात, इतका आवाज. लोवेलला पाहुण्यांच्या लक्षात राहतो तो हा आवाज.

काळाचौकीला माझ्या मते असंच एक साचेखातं चालू हवं. पन्नास साचे लागत नाहीत. आठ-दहा पुरेत, भिवंडीत-इचलकरंजीत जुने धोट्याचे साचे अजून मिळतात, आणि ते लावून देणारे जॉबरही तिथे आहेत. छप्पर मात्र खरं हवं. गिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं ना, त्या दात्यांची काच उत्तरेकडे असते, म्हणजे ऊन थेट पडत नाही आणि दिवसभर सारखा उजेड राहतो. कापडातला दोष डोळ्याला दिसावा म्हणून. आत हवा दमट ठेवायची, नाहीतर सूत तुटतं. त्या दमट, घामट, रुईने भरलेल्या हवेत आठ तास उभं राहणं म्हणजे काय, हे वातानुकूलित दालनात फोटो लावून कळणार नाही. पाच मिनिटं उभं राहू दिलं तरी कळेल.

आणि बायांचं खातं हवं. वायंडिंग-रिळिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत, शेकडो बाया होत्या. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा आला आणि पुढच्या काळात मालकांनी बायांना घ्यायचं कमी केलं. नोकरीतून बाहेर पडलेल्या बाया खानावळी चालवू लागल्या; एकट्याने राहणाऱ्या कामगारांची जेवणं त्यांनी सांभाळली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. संग्रहालयात उपाहारगृह तर होणारच. तिथे ताटात खानावळीचं जेवण मिळावं: भाकरी, सुकटाची चटणी, आमटी, भात. पाहुण्याला ते जेवण आठवणीत राहील, आणि चालवणाऱ्या बाया याच वस्तीतल्या असतील.

वेळेचं गणित मला झोपू देत नाही. १९८२ मध्ये जो तिशीत होता, तो आज सत्तरी ओलांडून गेला. गिरणीत उमेदीची दहा-पंधरा वर्षं काढलेली, हात अजून चालणारी माणसं मोजकीच उरली आहेत. त्यातली बरीच मुंबईत नाहीत. कोणी सावंतवाडीला, कोणी पाटणला. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली, अर्ज दीड लाखाच्या आसपास होते. बाकीच्यांतले बरेच अजून वाट बघत आहेत. अशा माणसाला संग्रहालयात येऊन बोला म्हणायचं, तर त्याला मानधन, येण्या-जाण्याचा खर्च आणि बसायला खुर्ची द्यावी लागेल. इमारत दुरुस्त व्हायला पाच वर्षं लागली तरी चालेल. माणसांची मुलाखत या वर्षी घ्यायला हवी, त्यांचे हात काम करताना या वर्षी चित्रित व्हायला हवेत. गाठ मारणारी ती दोन बोटं.

आता आमची फेरी अशी असते. सकाळी सात वाजता, पहिल्या पाळीच्या वेळेला, करी रोड स्टेशनावर भेटायचं. चिमणी लांबूनच बघायची. मग भारतमाता सिनेमा, जो अजून गिरणीच्याच जागेवर उभा आहे. लालबागची मसाल्याची दुकानं. गणेशगल्ली. तिथून चालत काळाचौकी. थांबे चारच. प्रत्येक थांब्यावर एक वस्तू हातात: धोटा, कांडी, काकांचा हजेरीचा पत्र्याचा बिल्ला, आणि खानावळ चालवणाऱ्या एका मावशींकडचा डबा. पंधराहून जास्त माणसं घेत नाही, कारण सोळाव्याला काकांचा आवाज ऐकू जात नाही.

काळाचौकीला पोचलो की काका रस्त्याच्या पलीकडे उभे राहतात आणि बोटाने शेडच्या खिडक्या मोजतात. इथे सूत यायचं, इथे वायंडिंग, इथे आमचं खातं असायचं तशी जागा. त्यांची स्वतःची गिरणी ही नव्हे, ती पाडून झाली. पण गिरण्या साधारण एकाच पद्धतीच्या असत, म्हणून ते परक्या गिरणीतही आपली जागा शोधून काढतात. गेल्या महिन्यात मोजून झाल्यावर त्यांनी धोटा पिशवीत ठेवला आणि मला विचारलं, "साचे कधी लावणार आहेत रे, काही कळलं का?"